जहाजाचे घर जमिनीवरून शोधावे

सप्रेम आशीर्वाद.

तुझा आराखडा मिळाला आणि दोनदा वाचून झाला. कुटुंबांच्या भरवशावर उभ्या असलेल्या आणि वेगाने वाढणाऱ्या क्रूझ कंपनीने आपली पुढची जहाजे कोणत्या बंदरांत ठेवावीत, हा प्रश्न तू डिस्ने क्रूझ लाइनचे उदाहरण घेऊन हाताळलास, हे मला मनापासून आवडले. या कंपनीने १९९८ ते २०१२ या काळात मॅजिक, वंडर, ड्रीम आणि फँटसी अशी चार जहाजे आणली आणि मग दहा वर्षे एकही नवे जहाज घेतले नाही. २०२२ मध्ये विश आले, २०२४ च्या अखेरीस ट्रेझर, २०२५ मध्ये डेस्टिनी. सिंगापूरसाठी ॲडव्हेंचर घेतले गेले, जपानसाठी एका जहाजाचा करार झाला आणि २०२७ ते २०३१ या काळात आणखी चार जहाजे येणार असल्याचे जाहीर झाले. म्हणजे २०३१ पर्यंत तेरा जहाजे. चार जहाजांना जागा शोधणे आणि तेरा जहाजांना जागा शोधणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे तू ओळखलेस, आणि म्हणूनच सविस्तर लिहायला बसलो आहे.

माझी मुख्य हरकत पहिल्याच पानाला आहे. तू तिथे जगाचा नकाशा दिलास आणि जिथे समुद्र सुंदर आहे, बेटे आहेत, हिमनद्या आहेत, तिथे खुणा केल्यास. ती सगळी जहाजाने भेट द्यायची ठिकाणे आहेत. गृहबंदर म्हणजे जिथे प्रवास सुरू होतो आणि जिथे तो संपतो ती जागा, आणि तिचा निर्णय पाण्यापेक्षा जमिनीवर जास्त ठरतो. धक्क्यापासून दोन, चार, सहा तासांच्या अंतरात किती कुटुंबे राहतात, ती तिथवर कशी पोहोचतात, त्यांच्या मुलांच्या शाळा कधी बंद असतात, त्या दिवशी धक्का मोकळा असतो का, आणि संध्याकाळी निघालेले जहाज सकाळी कुठे पोहोचू शकते, या प्रश्नांची उत्तरे आधी हवीत. नकाशा शेवटच्या पानावर गेला तरी चालेल.

गृहबंदराची खरी परीक्षा होते ती प्रवासी बदलण्याच्या दिवशी, ज्याला या व्यवसायात सगळे टर्नअराउंड म्हणतात. विशसारख्या जहाजावर सुमारे चार हजार प्रवासी असतात. सकाळी ते उतरतात, आणि दुपारनंतर तेवढेच नवे चढलेले असतात. म्हणजे साताठ तासांत आठ हजार माणसे एकाच इमारतीतून जातात, आणि त्याच वेळी शेजारच्या दारांतून बॅगांचे पिंजरे, भाज्यांचे खोके, चादरींच्या गाड्या आत-बाहेर होत असतात. यातही कुटुंबांचे टर्नअराउंड हे निवृत्त जोडप्यांच्या टर्नअराउंडपेक्षा फार वेगळे असते. मी टर्मिनलच्या दारापाशी अशा अनेक सकाळी उभा राहिलो आहे. एक आई एका हाताने बाबागाडी मिटते, दुसऱ्या खांद्यावर झोपलेले मूल असते, पासपोर्ट तोंडात धरलेला असतो, आणि मोठ्या मुलाला नेमके त्याच क्षणी स्वच्छतागृहाला जायचे असते. त्या रांगेत सरासरी माणसामागे अमुक सेकंद असा हिशेब करणारा आराखडा कागदावर बरोबर असतो आणि दारापाशी कोलमडतो. म्हणून टर्मिनलमध्ये बसायला जागा किती, लिफ्ट किती, वाहनतळापासून दारापर्यंत सावली आहे का, हे प्रश्न क्षुल्लक समजू नकोस.

या दृष्टीने कंपनीचे पहिले गृहबंदर, फ्लोरिडातले पोर्ट कॅनाव्हेरल, पाहिले की १९९८ चा निर्णय किती विचारपूर्वक होता ते कळते. ऑरलँडोची डिस्ने उद्याने तिथून मोटारीने साधारण तासाभराच्या अंतरावर आहेत. आरंभी तीन-चार रात्रींचा जलप्रवास आणि उरलेले दिवस उद्यानांत, असा एकत्र आठवडा विकता येत असे. विमानाने ऑरलँडोला येण्याचा खर्च कुटुंब करतच होते. कंपनीने त्याच खर्चावर आणखी एक गोष्ट जोडली. नव्या कंपनीसमोरचा सगळ्यात अवघड प्रश्न, म्हणजे माणसांना बंदरापर्यंत आणायचे कसे, तिथे जवळजवळ आयताच सुटला होता.

दुसरी सोय रात्रीच्या हिशेबाची. हा हिशेब तू स्वतः हाताने करून बघ, संगणकावर सोडू नकोस. जहाज संध्याकाळी पाच वाजता निघाले आणि सकाळी आठला पोहोचायचे असेल, तर हाती पंधरा तास असतात. कॅनाव्हेरलपासून बहामाजमधल्या कंपनीच्या कॅस्टअवे की या बेटापर्यंतचा मार्ग सव्वादोनशे ते अडीचशे सागरी मैलांचा धर. म्हणजे पंधरा-सोळा नॉटच्या (तासाला तेवढे सागरी मैल) आरामशीर वेगाने मुले उठायच्या आत बेट दिसू लागते. फोर्ट लॉडरडेलच्या पोर्ट एव्हरग्लेड्सहून हेच अंतर दीडशे मैलांच्या आसपास आहे. वेग वाढवून लांबचे बंदर गाठता येते, पण जहाज ढकलायला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. अठरा नॉटचे वीस केले की दर तासाला लागणारी शक्ती सुमारे ३७ टक्क्यांनी वाढते, आणि प्रवास थोडा लवकर संपला तरी त्या अंतराचे इंधन वीस टक्क्यांहून अधिक वाढलेले असते. दर आठवड्याला दोनदा, वर्षभर, तीस वर्षे हा खर्च करायचा आहे. चुकीच्या गृहबंदराची शिक्षा अशी इंधनाच्या बिलातून हळूहळू वसूल होत राहते, आणि ती कोणाच्या चटकन लक्षातही येत नाही.

आता टेक्सासमधले गॅल्व्हेस्टन. तू त्याला अर्धा परिच्छेद दिलास. मी दोन पाने दिली असती. ह्यूस्टन जवळ आहे, आणि डॅलस, ऑस्टिन, सॅन अँटोनियो ही शहरे एका दिवसाच्या मोटारप्रवासात येतात. पाच जणांच्या कुटुंबाला पाच विमान तिकिटे काढावी लागतात, पण मोटार एकच लागते, आणि तिच्यात बाबागाडी, औषधे, खेळणी, आजीची उशी सगळे मावते. विमानभाडे वाढले की फ्लोरिडाचे आरक्षण डळमळते, तेव्हा मोटारीने येणारा प्रवासी टिकतो. शिवाय गॅल्व्हेस्टन खुल्या समुद्राला लागून आहे. न्यू ऑर्लिन्सहून निघालेल्या जहाजाला मिसिसिपी नदीतून शंभर मैलांच्या आसपास उतरत जावे लागते, तसे इथे नाही.

पण रात्रीचा हिशेब इथे उलटतो. गॅल्व्हेस्टनपासून मेक्सिकोच्या कोझुमेल बेटापर्यंतचा मार्ग सुमारे सातशे सागरी मैलांचा आहे. अठरा नॉटने एकोणचाळीस तास लागतात, म्हणजे दोन रात्री आणि मधला एक पूर्ण दिवस. चार रात्रींच्या प्रवासात एकच बंदर बसते. कॅस्टअवे की नऊशे मैलांहून दूर, म्हणजे छोट्या प्रवासाच्या आवाक्याबाहेर. ही अडचण साधी नाही. स्वतःच्या बेटावर प्रवाशाचा सगळा दिवस कंपनीच्या हाती असतो. जेवण, सावली, मुलांचे खेळ, सुरक्षितता, सगळे. कंपनीने २०२४ मध्ये एल्युथेरा बेटावर लुकआउट की हे दुसरे ठिकाण उघडले, तेही बहामाजमध्येच, म्हणजे फ्लोरिडाच्या जहाजांच्या सोयीचे. पश्चिम कॅरिबियनमध्ये असे काही नसताना टेक्सासमध्ये मोठे जहाज कायमचे ठेवणे म्हणजे अर्धीच मांडणी मांडणे होय. माझे स्पष्ट मत असे की मॅजिकएवढ्या, सुमारे ८७५ खोल्यांच्या जहाजाने तिथे हिवाळी हंगाम करावा, आणि समुद्रावरचे दिवसच आकर्षण ठरतील अशी पाच-सात रात्रींची आखणी करावी. कंपनीने २०१२ पासून तिथे थोडेफार असेच केले आहे, आणि मला ती सावधगिरी योग्य वाटते.

गल्फच्या, म्हणजे मेक्सिकोच्या आखाताच्या, किनाऱ्यावर हिवाळ्यात धुके उतरते, हे आराखड्यात कुठेच नाही. अशाच एका बंदरात, नाव घेत नाही, एका सकाळी जहाजांना बंदरात आत-बाहेर नेणाऱ्या पायलटांनी वाहतूक थांबवली होती. आमचे जहाज बाहेर नांगर टाकून उभे होते, आणि टर्मिनलमध्ये नव्या प्रवासाची कुटुंबे सकाळपासून येऊन बसली होती. वेळापत्रकात मी दोन तासांचाही मोकळा अवकाश ठेवला नव्हता, ती चूक माझी. दुपारी तीनला धुके विरले तेव्हा एका वडिलांनी मला बाळाचे दूध गरम करायला कुठे मिळेल असे विचारले, आणि मला उत्तर देता आले नाही. तेव्हापासून कोणत्याही बंदराच्या कागदावर मी धुक्याचे आणि वाऱ्याचे महिने आधी लिहितो.

कायद्याचा भाग तू पूर्ण गाळलास, आणि तो गाळून अमेरिकेतल्या गृहबंदरांबद्दल एक ओळही लिहिता येत नाही. १८८६ च्या प्रवासी जहाज कायद्यानुसार परदेशी ध्वजाच्या, म्हणजे परदेशात नोंदणी झालेल्या, जहाजाला अमेरिकेतल्या एका बंदरातून प्रवासी घेऊन दुसऱ्या अमेरिकी बंदरात सहसा उतरवता येत नाही, आणि फेरी जिथून निघाली तिथेच संपणार असली तरी वाटेत दुसरे अमेरिकी बंदर घेतले तर परदेशी बंदरही घ्यावे लागते. फ्लोरिडाची ही जहाजे बहामाजच्या ध्वजाखाली आहेत. त्यांना याचा त्रास जाणवत नाही, कारण परदेश एका रात्रीवर आहे. सॅन डिएगोला मेक्सिकोचे एन्सेनाडा हाताशी आहे, पण त्यापलीकडे काबो सान लुकास गाठायला पुन्हा लांबचा पल्ला पडतो. त्यामुळे कॅलिफोर्नियात लोकसंख्या आणि डिस्नेलँड दोन्ही असूनही छोट्या प्रवासांना वैविध्य राहत नाही. अलास्काचे पाहा. सिॲटलहून निघालेले जहाज नियम पाळण्यासाठी बहुधा कॅनडातल्या व्हिक्टोरियाला काही तास थांबते. व्हँकुव्हरहून निघाले तर प्रस्थानच परदेशातून होते, आणि वाट आडोशाच्या इनसाइड पॅसेजमधून जाते, जिथे लाटा कमी असतात. समुद्र लागणाऱ्या सहा वर्षांच्या मुलासाठी हा फरक फार मोठा आहे. वंडरने २०१२ चा उन्हाळा सिॲटलहून केला आणि पुढच्या वर्षी ते व्हँकुव्हरला परतले. विमानप्रवासाच्या आणि सीमा ओलांडण्याच्या दृष्टीने सिॲटल अमेरिकी कुटुंबाला सोपे आहे, हे मान्य करूनही मी व्हँकुव्हरच्याच बाजूने मत देईन.

व्हँकुव्हरमध्ये मात्र लायन्स गेट पुलाखालून जावे लागते आणि त्याखालची मोकळी उंची सुमारे ६१ मीटर आहे. जहाज किती खोल बुडते याची चौकशी प्रत्येक जण करतो. पाण्याच्या वर ते किती उंच आहे हे विचारायचे राहून जाते. टॅम्पाच्या सनशाइन स्कायवे पुलाखाली सुमारे ५५ मीटर मिळतात, म्हणून फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर एवढी वस्ती असूनही तिथे मोठी नवी जहाजे जात नाहीत. तुझ्या यादीत टॅम्पा नवव्या क्रमांकावर होते. ते मध्यम जहाजांपुरते ठेव आणि तसे लिही.

शाळांच्या सुट्ट्या हा कौटुंबिक कंपनीचा कणा आहे. कॅरिबियनमध्ये चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरला जातो. हवामान पाहून चालणारी कंपनी उन्हाळ्यात तिथली बरीच जहाजे युरोप किंवा अलास्काला हलवते. पण अमेरिकेतली मुले मोकळी असतात ती जून, जुलै आणि ऑगस्टच्या सुरुवातीलाच. म्हणून कुटुंबांच्या जहाजांना वादळाच्या महिन्यांतच फ्लोरिडात ठाण मांडावे लागते, मार्ग ऐनवेळी बदलण्याची तयारी ठेवावी लागते, आणि सप्टेंबरमध्ये, मुले शाळेत परतली की, रिकाम्या खोल्यांची चिंता करावी लागते. इंग्लंडच्या शाळा जुलैच्या उत्तरार्धात सुटतात, म्हणून साउदॅम्प्टनचा हंगाम अमेरिकी सुट्टी ओसरत असताना भरतो. प्रत्येक बंदराच्या बाजूला बारा महिन्यांची पट्टी काढ आणि तिथल्या शाळांच्या सुट्ट्या रंगव. कोणते बंदर वर्षभर जहाज पोसू शकते आणि कोणते फक्त दहा आठवडे, हे त्या पट्टीवरच दिसेल.

याच पट्टीमुळे मला सिंगापूरचा निर्णय समजला. ॲडव्हेंचर हे सुमारे दोन लाख आठ हजार ग्रॉस टनांचे (हे जहाजाच्या आतल्या जागेचे माप) जहाज. जर्मनीत दुसऱ्या कंपनीसाठी बांधले जात असताना ती दिवाळखोरीत गेली आणि २०२२ मध्ये ते अर्धवट अवस्थेत विकत घेतले गेले. किमान पाच वर्षे ते सिंगापूरला ठेवण्याचा करार झाला. तीन-चार रात्रींचे प्रवास, आणि वाटेत एकही बंदर नाही. तुला हे खटकले, तू तसे लिहिलेही आहेस. पण विचार कर: इथे सुंदर समुद्राचा प्रश्नच काढून टाकला आहे आणि जमिनीवरची बाजू तेवढी ठेवली आहे. चांगी विमानतळ शहरातच, मरीना बे क्रूझ सेंटर त्याच शहरात, वादळांचा नेहमीचा पट्टा दूर, आणि भोवतालच्या देशांच्या शाळांना वेगवेगळ्या महिन्यांत सुट्ट्या. एका देशाची सुट्टी संपते तेव्हा दुसऱ्याची सुरू होते. एवढे प्रचंड जहाज भरायचे तर हा मेळ हवाच होता. वाटेत एकही बंदर न घेण्यातला धोका मला दिसतो. दुसऱ्यांदा येणाऱ्या कुटुंबाला नवे काय द्यायचे, याचे उत्तर जहाजाच्या आतच शोधावे लागेल. तरीही गृहबंदर म्हणून निवड मजबूत आहे.

जपानचा करार त्याहून बारकाईने वाच. ओरिएंटल लँड ही टोकियोची उद्याने चालवणारी कंपनी. जहाज विशच्या धर्तीचे, टोकियो परिसरातून वर्षभर चालणारे, आणि जपानच्या ध्वजाखाली. ध्वजाचा हा मुद्दा तुझ्या नजरेतून सुटला. परदेशी ध्वजाची जहाजे जपानहून निघाली की बहुधा कोरियातल्या बुसानसारखे एखादे बंदर घेतात, कारण तिथेही देशांतर्गत वाहतूक आपल्या ध्वजासाठी राखलेली आहे. जपानी ध्वज घेतला की टोकियोहून निघून टोकियोलाच परतणारा दोन-तीन रात्रींचा प्रवास मोकळा होतो, आणि ज्या देशात लांब रजा सहज मिळत नाही तिथे दोन रात्रींचाच प्रवास कुटुंबाला झेपतो. टोकियोचे नवे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलही २०२० मध्ये रेनबो पुलाच्या अलीकडे, समुद्राच्या बाजूला उभारले गेले, मोठ्या जहाजांना पुलाखालून जावे लागू नये म्हणून.

ऑस्ट्रेलियाला तू अपयश म्हटले आहेस. तो शब्द काढ. वंडर २०२३ पासून तिथे हंगामी जात होते आणि कंपनीने २०२६ च्या सुरुवातीच्या हंगामानंतर ते थांबवायचे ठरवले. पॅसिफिक ओलांडायला जाता-येता आठवडे जातात, आणि ते प्रवास शाळकरी मुलांच्या कुटुंबांसाठी नसतात. पण लहान, जुने जहाज पाठवून बाजार चाचपणे आणि परत बोलावणे, हेच तर जहाजाचे हॉटेलपेक्षा असलेले बळ आहे. नवी मोठी जहाजे जिथे कुटुंबांची ये-जा सिद्ध झाली आहे तिथे जावीत, आणि चाचपणीचे काम मॅजिक-वंडरने करावे, असा माझा ठाम आग्रह आहे.

पुढच्या चार जहाजांबद्दल विचारशील, तर सगळी कॅनाव्हेरलला देऊ नये. शनिवार-रविवारचे धक्के मर्यादित आहेत, इतर कंपन्यांची मोठी जहाजेही तिथेच आहेत, आणि एकाच किनाऱ्यावर एकच वादळ निम्मा ताफा अडवू शकते. २०२३ च्या नोव्हेंबरपासून पोर्ट एव्हरग्लेड्सला वर्षभराचा दुसरा मुक्काम केला गेला, तो मला या वाढीतला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय वाटतो: विमानतळ अगदी शेजारी, बेटे आणखी जवळ, आणि दक्षिण फ्लोरिडातली कुटुंबे आठवड्याच्या शेवटी मोटारीने येऊ शकतात. पहिले नवे जहाज मी तिथेच देईन. त्यानंतरचे एक युरोपचा उन्हाळा आणि फ्लोरिडाचा हिवाळा असे विभागेन. उरलेल्या दोघांची जागा आज ठरवू नये, पण टेक्सास आणि कॅलिफोर्निया या दोन दिशांचा अभ्यास आजच सुरू करावा.

दुसरा मसुदा लिहिण्याआधी एक काम कर. टर्नअराउंडच्या दिवशी सकाळी सहाला एखाद्या गृहबंदराच्या वाहनतळाबाहेर, परवानगी घेऊन, वही घेऊन उभा राहा. येणाऱ्या मोटारींच्या पाट्यांवर कोणत्या राज्यांची नावे आहेत ती लिही, प्रत्येक गाडीत मुले किती ते मोज, आणि बसने विमानतळावरून आलेल्यांची वेगळी रांग मांड. चार हजारांच्या जहाजात चौघांचे कुटुंब धरले तर हजार कुटुंबे होतात. निम्मी मोटारीने आली तरी पाचशे गाड्यांना चार दिवस जागा हवी. ती जागा भरली की काय होते ते दहाच्या सुमारास तुला दिसेल. ती वही मला पाठव. आराखडा नंतर पाठवलास तरी चालेल.

कळावे, लोभ असावा.